काचेला गेलेला तडा

ती सकाळ काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही. पोलिसांच्या नोकरीत खून, दरोडे सगळं पाहिलं. पण शेवटची केस निवृत्तीनंतर, परदेशात आणि आमच्याच घरात निघाली.

आम्ही दोघं तिकडे ब्रेडा शहरात मुलाकडे हिवाळ्यात राहायला गेलो होतो. बर्फ पडला की त्या भागातली निम्मी माणसं घरूनच काम करतात. शेजारचे म्हातारे गृहस्थ मूळचे तिथूनही उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखातले. त्यांना बर्फाचं कौतुक नव्हतं, पण धाक होता. आदल्या दिवशी त्यांनी मुलाला बजावलं, "तुझे टायर उन्हाळ्याचे आहेत, बर्फावर घसरतील. गाडी काढू नकोस." आमचे चिरंजीव पडले पुण्याचे! "घाटात धुक्यातून गाडी हाकलीय मी, मला नका शिकवू," म्हणाले. दोघांची चांगलीच जुंपली.

सकाळी मुलगा ओरडतच घरात आला. "बाबा, गाडीची पुढची काच फोडली! त्या म्हाताऱ्याचंच काम. मी आत्ताच पोलिसांत ऑनलाइन कम्प्लेंट टाकतो."

"थांब जरा. आधी पंचनामा," मी म्हटलं. आमच्या दारापुढचा बर्फही न सांगता ओढणाऱ्या माणसावर या वयात बालंट येणार होतं.

गुडघे दुखत होते, वैताग आला होता. तरी कानटोपी चढवून घटनास्थळी गेलो. दगड बसला की काचेवर त्याची खूण राहते. इथे खूणच नव्हती; तडा खालच्या कडेपासून वर गेलेला. बाकी गाडीवर भुसभुशीत बर्फ, काच मात्र धुतल्यासारखी, आणि बॉनेटवर गोठलेले चकचकीत ओघळ. कुणीतरी गरम पाणी ओतलं होतं, आणि गोठलेली काच तडकली होती. बर्फात जन्म काढलेला माणूस असलं काही करणार नाही. संशयित आमच्यातलाच होता.

स्वयंपाकघरात मोठं पातेलं पालथं घातलेलं. सौ. डाव्या हातानं चहा गाळत होती, उजवा हात शालीत.

"हात दाखव."

"काही नाही हो."

"भाजलाय. पाणी तूच ओतलंस ना?"

तिचे डोळे भरले. "रोज गारठलेल्या हातांनी काच खरवडतो हो तो. म्हटलं, उठायच्या आत मोकळी करून ठेवू. तर कट्‌कन आवाज आला." मग हळूच म्हणाली, "त्याला सांगू नका. त्याच्या घरी येऊन नुकसान केलं मी. चिडेल तो."

आयुष्यभर कबुल्या ऐकल्या, पण अशी कधी नाही. आई पोराला घाबरत होती!

बाहेरच्या खोलीत मुलगा तक्रार लिहीत होता. मी म्हणालो, "पाणी मी ओतलं." नोकरीत खोटा कबुलीजबाब कधी घेतला नाही, त्या दिवशी स्वतः दिला.

"खोटं बोलतायत ते," सौ. मागून आली. "मी ओतलं रे."

मुलानं लॅपटॉप मिटला. आईचा हात धरून तिला नळापाशी नेलं, गार पाण्याखाली हात धरला. "काच काय, विम्यातून होईल गं. पण आई, तू मला घाबरलीस?"

तिनं डाव्या हातानं त्याची भिजलेली बाही वर सारली. मुलगा नंतर शेजाऱ्यांची माफी मागून आला. निघताना त्यांनी त्याच्या हाती काच खरवडायची पट्टी दिली, आईसाठी म्हणून.

पोलीस ठाण्यात माणूस शिक्षेच्या भीतीनं गप्प बसतो. घरात म्हातारं माणूस गप्प बसतं ते आपण नकोसे होऊ या भीतीनं. त्या सकाळी मला ती भीती ओळखता आली, कारण ती माझ्याही पोटात होती.