एकशेचाळीस किलो, सहा महिने

हे बायकोला अर्धं ठाऊक आहे, आईला चुकीचं ठाऊक आहे — आणि ज्याला पूर्ण ठाऊक असायला हवं, तो अजूनही मला सर म्हणतो. पूर्ण असं कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो. का, ते विचारू नका. कदाचित तुम्ही आमच्या जिमला येत नाही म्हणून.

मी अंबडच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. एखादा पार्ट केसभर जाड निघाला तरी बाजूला काढायचा, हे माझं काम. आणि संध्याकाळी पाथर्डी फाट्याजवळ एका सोसायटीच्या तळघरात जिम चालते, तिथे शिकवतो. तिथे मी देवरे सर. माझा विषय बेंच प्रेस — बाकावर उताणं झोपायचं, वजनाचा बार छातीपर्यंत आणायचा, क्षणभर थांबवायचा, परत वर ढकलायचा. तोही रॉ. म्हणजे अंगात साधा टी-शर्ट, कमरेला पट्टा, मनगटांना पट्ट्या. बाकी मदत नाही.

आता यातलं खरं काय ते ऐका. पहिल्या वर्षी वजन भराभर वाढतं. माणसाला वाटतं, आपण वेगळेच आहोत. मग शंभराच्या आसपास गाडी घाटाला लागते. एकशेवीसच्या पुढे तर वर्षाला पाच किलो वाढले तरी पेढे वाटावेत. काही वर्षं तेवढेही वाढत नाहीत. नीट जेवा, नीट झोपा, खांदे सांभाळा — तरी नाही. ही गोष्ट सुरू झाली तेव्हा मी स्वतः तीन वर्षं सव्वाशेवरच उभा होतो. उभा कसला — आडवा.

आणि हे मला माहीत होतं. म्हणूनच तर सांगायला जड जातंय.

किशोर पगारे आमच्याकडे यायचा. दिंडोरीकडच्या एका शाळेत शिक्षक, रोज मोटारसायकलने जाऊन-येऊन. एकशेपंधरा मारायचा, आणि अगदी शिस्तीत मारायचा. एका संध्याकाळी सगळे घाम पुसत बसलेले असताना त्याने विचारलं, "सर, तुमचं स्वतःचं किती?"

सव्वाशे. तोंडात आलं होतं हो. पण समोर एक नवा गडी बसला होता. तो आदल्याच दिवशी म्हणाला होता की त्याचा मामेभाऊ एकशेतीस मारतो. आता मामेभावापेक्षा कमी मारणारा सर कसा चालेल?

"एकशेचाळीस," मी म्हणालो. "पहाटे करतो, एकटाच. एकशेवीसवरून तिथे जायला सहा महिने लागले."

सहा महिने! हे कुठून आलं? कुणी विचारलंही नव्हतं. खोटं बोलताना मला नेहमी थोडं जास्तीचं वाढायची सवय आहे — आग्रहाने, लग्नात वाढतात तसं.

एखाद्याने ऐकलं असतं, सोडून दिलं असतं. पण किशोर विश्वास ठेवणारा माणूस. तो त्यांच्या वस्तीतल्या जयंती मंडळाचा कार्यकर्ता. त्या वर्षी त्याने मंडळात भांडून डीजे बंद करायला लावला आणि त्या जागी बेंच प्रेसची स्पर्धा ठेवली. का? तर म्हणे, "आमच्या सरांचं एकशेचाळीस पोरांनी डोळ्यांनी बघायला पाहिजे." माझ्या थापेच्या सन्मानार्थ मांडव पडला.

मी काय केलं असेल? आजारी पडता आलं असतं. खरं सांगता आलं असतं — पण ते तेव्हा आजारपणापेक्षा अवघड वाटलं. पुण्यात माझा एक मित्र आहे, तो दुसऱ्या प्रकारच्या स्पर्धांत उतरतो. तिथे बेंच शर्ट चालतो. हा शर्ट म्हणजे जाड कापडाचा इतका घट्ट सदरा, की बार खाली येताना तो ताणला जातो आणि वजन परत वर फेकायला मदत करतो. रॉ स्पर्धेत तो घालणं म्हणजे पळण्याच्या शर्यतीला स्कूटर नेणं. मी तो मागवून घेतला.

घरात सांगितलं, खांद्याचा पट्टा आहे, डॉक्टरांनी दिलाय. बायकोला शर्टाचं खरं नंतर कळलं, त्यापुढचं नाही. एप्रिलचं ऊन, अंगभर टाल्कम पावडर, एका बाहीला बायको, दुसऱ्या बाहीला आई. आई आमची सटाण्याकडची. ओढता ओढता ती थांबली आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "भाऊ, हाई काय शे? तुले दम तरी येस का?"

नव्हता येत. शर्ट चढल्यावर हात खालीच जाईनात. दोन्ही पुढे, ताठ, झोपेत चालणाऱ्यासारखे. वरून ढगळ टी-शर्ट घातला आणि तसाच मांडवात गेलो. लोकांना वाटलं, मी वॉर्मअप करतोय. पाहुण्यांच्या पाया पडायला वाकलो तर हात पायांऐवजी त्यांच्या पोटाला लागले. पंच म्हणून एक जुने वस्ताद बसले होते. त्यांना कुस्तीतलं सगळं कळायचं, यातलं काही नाही.

एकशेचाळीस वर गेलं. कसं गेलं ते मलाही नीट आठवत नाही, डोळ्यांपुढे काजवे होते. टाळ्या झाल्या. ढाल द्यायला बोलावलं तेव्हा माझे हात आधीच पुढे होते. माइकवाला म्हणाला, "सरांची घाई बघा!" सगळे हसले. किशोर सगळ्यात जोरात हसला, त्याचे डोळे भरून आले होते.

तुम्ही म्हणाल, हीच का चूक? एका मंडळाची ढाल? तेवढंच असतं तर मी हसत हसत केव्हाच सांगून टाकलं असतं. चूक पुढे आहे.

किशोरने पुढच्या जयंतीला एकशेचाळीस मारायचं ठरवलं. सर सहा महिन्यांत गेले, मी वर्ष घेतो — असा त्याचा नम्रपणा. तो नऊला झोपायला लागला. डब्यात उकडलेली अंडी. मेव्हणीच्या हळदीत नाचला नाही, खांदा दुखेल म्हणून, त्यावरून सासुरवाडीत वर्षभर बोलणी खाल्ली. आणि वर्षाच्या शेवटी तो एकशेपंधरावरून एकशेवीसवर आला.

पाच किलो. त्या वजनाला, नोकरी सांभाळून, रोज एवढी मोटारसायकल चालवून — ही उत्तम प्रगती होती. मला ती दिसत होती. त्या तळघरात ती फक्त मलाच दिसत होती. मी त्याला मिठी मारायला हवी होती.

तो म्हणाला, "सर, कुठे चुकतंय माझं?"

मी विचार केल्यासारखं केलं. आणि म्हणालो, "मेहनत कमी पडतेय, किशोर."

हे ते. हेच सांगायचं होतं. शर्टाचं नाही — हे एवढं वाक्य. त्याने मान हलवली. वाद नाही घातला. तेव्हा तरी वाद घालायचा ना?

जयंतीला त्याने एकशेचाळीस लावलं. मी म्हणालो, एकशेबावीस लाव — हळूच म्हणालो, त्याला ऐकू येईल न येईल असं. त्याने बार घेतला, तो खाली आला, छातीवर बसला आणि तिथेच राहिला. मी डोक्यापाशी उभा होतो, दोन्ही बाजूंनी दोघे, तिघांनी मिळून उचलला. बरगडीला मुका मार, बाकी वाचला. तो उठला, पाणी प्यायला, आणि चालत जाऊन माइक घेतला. समोर त्याची बायको, शाळेतले सहकारी, अख्खी वस्ती.

"सरांचा यात काही दोष नाही," तो म्हणाला. "त्यांनी सांगितलं होतं, मेहनत कमी आहे. मीच ऐकलं नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या.

त्यानंतर तो जिमला आला नाही. मी मात्र बदललो, म्हणजे इतरांपुरता. कुणी विचारलं की खरं सांगायला लागलो — एकशेवीसच्या पुढे वर्षाला दोन-चार किलो धरा, एखादं वर्ष कोरडं जाईल. परिणाम असा झाला, की निम्मे जण चौकातल्या दुसऱ्या जिमला गेले. तिथे तीन महिन्यांत सगळं होतं.

या हिवाळ्यात किशोरचा फोन आला. "जय भीम, सर. शाळेचे खेळ आहेत, तुम्ही पाहुणे म्हणून या." गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, औषध फवारणीचा वास. त्याने पोरांना माझी ओळख करून दिली, एकशेचाळीससकट. मी हार घातलेली मान खाली घातली. पोरांना तो विनय वाटला असणार.

निघताना तो फाटकापर्यंत आला. जरा लाजत म्हणाला, "सर, परत सुरू केलंय बरं का. इथेच, शाळेजवळ, दोघं-तिघं मिळून. दोन वर्षं लागली, पण एकशेतीस झालं. माझी प्रकृतीच हळू, काय करणार?"

एकशेतीस. साध्या टी-शर्टात. मी आजही सव्वाशेवर आहे, आणि तेही खांदा बरा असेल तर.

मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणालो, "चालू ठेव. होईल."

तो खूश झाला. मी गाडी काढली.