ओनोफ्रेचं यीस्ट आणि पाद्रीबाबांची बादली

ओनोफ्रे झाम्पिएरीला नाक होतं. बाकीचा चेहरा त्याच्या भोवती कसाबसा मांडलेला होता. साओ पावलोच्या ऊसपट्ट्यातल्या त्या कारखान्यात तो एकतीस हंगाम टाक्या सांभाळत होता. रस आणि मळी आत, इथेनॉल बाहेर. मधलं काम यीस्टचं, आणि यीस्ट ओनोफ्रेचं. हंगाम संपला की थोडं बरणीत भरून तो घरच्या फ्रिजमध्ये ठेवायचा, सॉसेजच्या शेजारी. पुढच्या हंगामाला तेच विरजण. अशी अकरा वर्षं.

मे महिन्यात गाळप सुरू होताना पाद्रीबाबा यंत्रांवर पवित्र पाणी शिंपडायचे. यंदा ओनोफ्रेची बायको योलांदा म्हणाली, "बाबा, लोखंडाला कसला आशीर्वाद देता? जिवंत आहे त्याला द्या." पाद्रीबाबांना पटलं. विरजणाच्या छोट्या टाकीत त्यांनी अख्खी बादली उपडी केली. ओनोफ्रेने टोपी काढली.

नवव्या दिवशी टाक्यांना आंबट वास सुटला. यीस्टच्या गुठळ्या तळाला बसल्या.

"काका, तुमचं यीस्ट म्हातारं झालं," चीफ केमिस्ट जुसारा मॅडम म्हणाल्या. "उद्या सगळं गटारात. पाकिटातलं नवं मागवते."

"गटारात? आईला टाकतात का गटारात?"

"पंप तपासले, पाइप तपासले. घाण बाहेरून आली असेल तर कुठून ते सांगा, यीस्ट ॲसिडने धुऊन बघते. नाहीतर विषय संपला."

ओनोफ्रेला माहीत होतं. रविवारी चर्चच्या दारातल्या दगडी कुंडात त्याने पवित्र पाण्यात बोटं बुडवली होती आणि सवयीने हुंगली होती. तोच वास. पाद्रीबाबांची बादली त्याच कुंडातून भरली होती. सांगावं, तर योलांदा घरात घेणार नाही. न सांगावं, तर यीस्ट गेलं.

"मॅडम, तुम्ही देवाला मानता?"

"ड्यूटीवर नाही."

"मग सांगतो."

कुंडातलं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली गेलं. तेच जंतू, तशीच गर्दी. मॅडम हसून हसून स्टुलावरून खाली आल्या. मग यीस्ट दोन तास ॲसिडमध्ये ठेवलं, नेहमीपेक्षा कडक. जंतू मरतील, यीस्टही मरू शकत होतं. दुपारी ताजा रस सोडला. दोनला काही नाही. तीनला काही नाही. ओनोफ्रे टाकीला शिव्या देत उभा होता. चार वाजता फेस आला, आणि शिव्या देता देताच त्याने डोळे पुसले.

जेवताना त्याने योलांदाला सगळं सांगून टाकलं. तिने भाताचा डाव खाली ठेवला.

"पवित्र पाण्यात किडे?"

"हो."

"आणि आपण दर रविवारी कपाळाला तेच लावतो?"

"हो."

ती उठली. सिंकखालची ब्लीचची बाटली आणि घासणी घेतली.

"अगं, जेव तरी."

"तू जेव," ती म्हणाली, आणि चर्चकडे चालू लागली.