कोरी पाठ

पाठीला तेल-हळद चोळताना आखाड्याच्या मातीचा वास येतो आणि मी पुन्हा कासा गावच्या मैदानावर उभा राहतो.

तालुक्याच्या शालेय कुस्त्या होत्या, मी पंच. शेवटच्या कुस्तीत एकीकडे आमच्या नरपडची सुमन, माझा जिवलग मित्र दामू याची लेक, आणि दुसरीकडे डोंगराकडची एक मुलगी. पहिल्याच पकडीत दोघी कोसळल्या. सुमनची पाठ टेकली का, ते माझ्या बाजूने दिसलंच नाही. तेवढ्यात कुणीतरी ओरडलं, "पंच नरपडचाच हाय!" मी झटकन शिट्टी फुंकली आणि दुसरीचा हात वर केला.

सुमन पाठ फिरवून चालू लागली. गुडघे मातीने माखलेले, पण पाठीवर पांढरा टी-शर्ट अगदी कोरा.

दामू जवळ आला. "तुला दिसलं का रे?"

"दिसलं," मी म्हणालो.

त्यानंतर तो माझ्या ओट्यावर आला नाही. पंच म्हणून आपल्या माणसाची बाजू घेतली नाही, असं मी वर्षानुवर्षं स्वतःला समजावत आलोय. खरं तर मी कुस्ती बघतच नव्हतो, लोक माझ्याकडे कसे बघतात तेच बघत होतो.

पूर्वी तेल दामू चोळून द्यायचा. आता पाठीच्या मधोमध हात पोचत नाही.