कावीळ उतरल्यावर

कावीळ झाली तेव्हा पहिली किळस आली ती वरणाच्या वासाची. ना फोडणी, ना तेलाचा थेंब, तरी त्याची वाफ नाकात गेली की आतडी पिळवटून वर यायची. मग दुधाची किळस आली, मग साबणाची, मग स्वतःच्या अंथरुणाची. डोळे पिवळे, नखं पिवळी, लघवी कोऱ्या चहासारखी. अंगाला खाज इतकी की मी दाराच्या चौकटीला पाठ घासायचो, गोठ्यातल्या बैलासारखा. मे महिना होता. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, बाकीचे दिवस टाकीतलं. कुठल्या पाण्यानं घात केला कुणास ठाऊक.

दीड महिन्यानं रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "लिव्हर आता ठीक आहे. अशक्तपणा जाईल हळूहळू." बायकोनं शेजारीपाजारी पेढे वाटले. माझ्या डोळ्यांचा पिवळेपणा उतरला, खाज गेली, चार पावलं चालता यायला लागलं. किळस मात्र तिथंच राहिली. उलट ती आता खाण्यापुरती उरली नव्हती. भेटायला येणारे, त्यांनी आणलेल्या मोसंब्या, त्यांचं ते "उसाचा रस घ्या, बघा कसं वाटतं" सांगणं, पंख्यावरची धूळ, वर्तमानपत्राच्या शाईचा वास. सगळ्यावर कसलातरी चिकट थर बसल्यासारखा वाटायचा. आणि पहाटे तीनला जाग. अकराला डोळा लागायचा आणि तीनला कुणी हाक मारल्यासारखा उघडायचा. मग उजाडेपर्यंत उशीला स्वतःच्याच डोक्याचा आंबूस वास.

बायको विचारायची, "झोप झाली का नाय?"

"अशक्तपणा आहे," मी म्हणायचो.

मला माहीत होतं की तो अशक्तपणा नाही. नऊ वर्षांपूर्वी हेच झालं होतं. तेव्हा तर काही आजारपणही नव्हतं. मुलगी दहावीला होती, धंदा बरा चालला होता, आणि मी एका पावसाळ्यात बोलेनासा झालो, झोपेनासा झालो. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं, वर्षभर गोळ्या दिल्या. मी बरा झालो आणि गोळ्या आपल्या मनानंच सोडल्या. फाइल रद्दीत घातली. तीही गल्लीतल्या रद्दीवाल्याला दिली नाही, त्यानं उघडून वाचली तर? पार लांब शहागंजच्या बाजारात नेऊन घातली. त्यानंतर मी त्या वर्षाबद्दल कुणाशी बोललो नाही. सुटलो, असं समजत होतो. आता ते परत आलंय हे कळलं तेव्हा मला भीती कमी वाटली, शिसारी जास्त आली. एकदा ओकून टाकलेलं पुन्हा ताटात वाढावं तशी.

मी गाइड आहे. वीसेक वर्षं वेरूळची लेणी दाखवतोय. बोलणं हाच माझा धंदा आणि मी चांगला बोलतो, असं लोक म्हणतात. माझ्या बायकोचं माहेर पिशोरचं. ती कमी बोलते, पण तिच्या नजरेतून काही सुटत नाही. दोन महिने ती माझ्यासाठी वेगळं शिजवत होती. उकडलेला दुधी, मऊ भात, ताकाची निवळी. घरात फोडणीचा वास नको म्हणून स्वतःही तेच खात होती. एका दुपारी तिनं भाकरी कुस्करून माझ्या ताटात घातली आणि माझ्या तोंडून निघालं, "तुझ्या हाताला वास येतो."

ती थांबली. "कसला?"

"काय माहीत. किळस येते."

ती उठली, मोरीत गेली, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. त्या दिवसापासून मला वाढायच्या आधी ती रोज माझ्यादेखत तसे हात धुवायची, ऑपरेशनच्या आधी डॉक्टर धुतात तसे. भाकरी चमच्यानं कुस्करायची. रागानं नाही, अगदी मनापासून. मी ताटापुढं बसून पाण्याचा आवाज ऐकायचो आणि वाटायचं, आपल्यासारखा हलकट माणूस अख्ख्या शहरात नसेल. तरी "नको धुऊ" असे दोन शब्द तोंडातून फुटत नव्हते.

ऑगस्टमध्ये मी कामावर जायचं ठरवलं. घरात बसून डोकं कुजतंय, बाहेर पडलो की ठीक होईल, असं बायकोला सांगितलं. तिनं डबा भरून दिला. खुलताबादच्या घाटात बस वळली तशी शेजारच्या माणसाच्या तेल लावलेल्या डोक्याच्या वासानं मळमळलं. रुमाल नाकाला लावून वेरूळला उतरलो. पावसाळ्यात गर्दी असते. लगेच ग्रुप मिळाला. सांगलीकडचे आठ-दहा निवृत्त लोक, बहुतेक शिक्षक. चांगली माणसं होती, वहीत टिपून घेत होती.

पहिल्या लेण्यापासून सुरुवात केली. शब्द आपोआप निघत होते. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, कुठं हसवायचं, सगळं घासून गुळगुळीत झालेलं. मी बोलत होतो आणि मला माझ्याच बोलण्याचा वीट येत होता. हीच वाक्यं, हाच विनोद, तेच "आता जरा वर बघा". लेण्यात वटवाघळांच्या घाणीचा वास असतो. वीस वर्षांत तो मला कधी जाणवला नव्हता. त्या दिवशी तो घशात उतरत होता.

दहाव्या लेण्यात आलो. ते मोठं चैत्य आहे, मधोमध बुद्धाची मूर्ती, वर दगडात कोरलेल्या फासळ्या. तिथं आवाज घुमतो. सगळे गाइड तिथं काहीतरी म्हणून दाखवतात. मी त्रिशरण म्हणतो. आम्ही बौद्ध. लहानपणी वडिलांनी मला पहिल्यांदा तिथं नेलं होतं, त्यामुळं बाकी लेण्यांत मी धंदा करतो, पण तिथं घरच्यासारखा उभा राहतो. निदान असं मी स्वतःला सांगत आलो होतो.

मी हात जोडले, पहिला शब्द उचलला. आवाज छताला जाऊन परत आला. वाटलं, हा आवाज विकाऊ आहे. दिवसातून चार वेळा, टाळ्यांसाठी, ह्या जागेत. पुढचा शब्द निघेना. लोक वाट बघत होते. एक बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "बरं वाटत नाही का हो?"

"काही नाही," मी म्हणालो. "दगड आहे. बघा तुम्हीच."

आणि बाहेर निघून आलो. पायऱ्यांवर बसलो, खाली मान घालून. वीस वर्षांत मी ग्रुप असा अर्ध्यात टाकला नव्हता.

आमच्यातले सगळ्यात म्हातारे गाइड खुलताबादचे आहेत. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणतो. ते दुसरा ग्रुप संपवून येत होते. त्यांनी मला बघितलं, आत डोकावून त्या लोकांना बघितलं आणि एक शब्द न विचारता ते आत गेले. तासभर माझा ग्रुप त्यांनी फिरवला. परत आले तेव्हा मी तिथंच होतो. ते शेजारी बसले. तोंडात पान होतं, ओठाच्या कडेला लाल ओघळ. मी नजर फिरवली.

"तबियत का लफडा है, या दिल का?" त्यांनी विचारलं.

"कावीळ झाली होती. अशक्तपणा आहे."

"पीलिया मेरे कू भी हुआ था. ऐसा नै होता उसमें." मग ते मराठीत म्हणाले, "मागं पण तू असाच झाला होतास. आठवतंय मला. तेव्हा दवा घेतलास ना? मग आता का नाही?"

"तुम्हाला कुणी सांगितलं दवाचं?"

"कोण सांगणार? तोंड दिसतं ना रे. मेरे कू बीपी है, गोली खाता. शुगर है, गोली खाता. तेरे कू ये है. इत्तीच बात."

मला इतका राग आला. मी सात कुलुपं लावून ठेवलेली गोष्ट ह्या माणसाला नऊ वर्षं माहीत होती. म्हणजे सगळ्यांनाच माहीत असणार. ती फाइल उगाचच शहागंजपर्यंत नेली. मी उठून चालायला लागलो. मागं त्यांनी फोन काढून माझ्या घरी लावला होता, ते मला संध्याकाळी कळलं.

घरी पोचलो तर बायको दारात उभी होती. हातात लिव्हरच्या रिपोर्टची पिशवी.

"उद्या सकाळची अपॉइंटमेंट घेतली," ती म्हणाली. "मनाच्या डॉक्टरची."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं आसतं तर तुमी नाय म्हणले आसते." मग तिचा आवाज चिरकला. "तीनला तुमी जागे व्हता, तवा मी पण जागीच आसते. दोन महिने झाले. आता मला बी व्हईना."

हे मला सुचलंच नव्हतं. मी स्वतःच्या घाणीत इतका बुडालो होतो की शेजारी कुणी जागं आहे हे कळलं नव्हतं.

दवाखान्याच्या वेटिंगमध्ये बसायला जागा नव्हती. पाण्याच्या पिंपाला साखळीनं बांधलेला स्टीलचा ग्लास, त्याच्या कडेला वाळलेला चहा. निघून जावंसं वाटत होतं, पण बायकोनं माझी बाही धरून ठेवली होती. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीपेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील.

"काय होतंय?" त्यांनी विचारलं.

"किळस येते."

"कशाची?"

"सगळ्याची." मग बाजूला बायको बसलेली असूनही म्हणालो, "माझी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. झोप विचारली, जेवण विचारलं. मरावंसं वाटतं का, तेही सरळ विचारलं. तसं वाटत नाही, पण असण्याचा कंटाळा आलाय, असं मी सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचंही सांगितलं. "त्या गोळ्या कुणी बंद केल्या?" त्यांनी विचारलं.

"मीच."

"डॉक्टरांना सांगून?"

"नाही."

त्या रागावल्या नाहीत. मोठ्या दुखण्यानंतर हे पुन्हा उलटू शकतं, ज्याला आधी होऊन गेलंय त्याला तर जास्तच, एवढं म्हणाल्या. लिव्हरचे रिपोर्ट नीट वाचले, काविळीच्या डॉक्टरांना फोन लावला आणि अगदी कमी डोसपासून गोळी सुरू केली. दुपारी आडवं व्हायचं नाही. रात्र कशीही जावो, सकाळी सहाला उठायचं आणि चालायला जायचं. "आणि ह्या वेळी बंद करायची तर मला विचारून," त्या म्हणाल्या.

गोळीनं तोंड सुकायचं. तीन आठवडे बाकी काहीच फरक नव्हता. सकाळी बागेत चालायला जायचो तर तिथं हास्य क्लबवाले हात वर करून खोटं खोटं हसायचे. त्यांची इतकी चीड यायची की मी पलीकडच्या कडेनं चालायचो, कचराकुंडी त्या बाजूला असली तरी. एकदा रस्त्यात चक्कर आल्यासारखं झालं, तेव्हा गोळ्या नाल्यात टाकायचं मनात आलं. टाकल्या नाहीत. डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी गोळीची वेळ बदलून दिली, रात्रीऐवजी सकाळी.

पाचव्या की सहाव्या आठवड्यात एका सकाळी डोळा उघडला तर बाहेर उजेड होता. गालाखाली उशी ओली. स्वतःची लाळ बघून नेहमीसारखी शिसारी आली, मग लक्षात आलं की लाळ गळायला गाढ झोप लागावी लागते. बायको चहा घेऊन आली. "घोरत व्हते," ती म्हणाली. "लई दिवसांनी."

त्याच दिवशी जेवायच्या आधी ती मोरीकडं निघाली तेव्हा मी तिचा हात धरला. "नको धुऊ. त्या दिवशी मी जे बोललो..."

"इसरले नाय मी," ती म्हणाली. "इसरणार बी नाय. सोडा हात, भाकरी गार व्हतीय." आणि तिनं हातानंच भाकरी कुस्करली. पहिल्या घासाला मला थोडं मळमळलंच. पण गिळला.

दिवाळीनंतर मेव्हण्याच्या मुलीच्या साखरपुड्याला आम्ही पिशोरला गेलो. तोवर मी पुन्हा कामावर जात होतो, आठवड्यातून तीन दिवस. दहाव्या लेण्यात अजून त्रिशरण म्हणत नव्हतो, लोकांनाच म्हणायला सांगायचो. चाचांना मी धन्यवाद म्हणालो नाही, त्यांनीही त्याची वाट बघितली नाही. साखरपुड्याच्या मांडवात माश्या होत्या, रश्श्यावर बोटभर तर्री. मी दोन घास खाऊन ताट सरकवलं. जो तो विचारत होता, वाळले कशानं? मी सांगत होतो, कावीळ.

परतताना मेव्हणे मला मोटरसायकलवर बसवून स्टँडवर घेऊन आले. बायको दोन दिवस राहणार होती. मेव्हणे गावच्या हायस्कूलमध्ये क्लार्क आहेत. भारदस्त माणूस, मोठा आवाज, पंचांत बसणारा. बस यायची होती. त्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि तोंड माझ्या कानाशी आणलं.

"ताईनं सांगितलं मला," ते कुजबुजले. "तुमचं ते. दुसरं. मला पण झोप नाय लागत दाजी. डेंग्यू झाल्यापासून. काहीच गोड लागत नाय, लेकीचं कार्य आसून सुद्धा. त्या डॉक्टरीणबाई रविवारी बसतात का? म्हणजे कुणाला कळायला नको, म्हणून."

मला त्या कुजबुजीची किळस आली. अशीच मान वाकवून, अशाच आवाजात मी नऊ वर्षं जगलो होतो. आमच्या मागं भजीवाला होता, बाकावर गावातलेच चारजण बसले होते.

"रविवारी बंद असतं," मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, ग्रुपला ऐकू जाईल असा असतो तसा. "सोमवारी या. डिप्रेशनचा दवाखाना म्हणून विचारलंत तर कुणीही दाखवील. मी येतो सोबत."

बाकावरच्या एकानं मान वळवून बघितलं. मेव्हण्यांचा चेहरा लाल झाला. ते मोटरसायकलच्या आरशावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

"किती वाजता?" त्यांनी विचारलं.

"दहाला. डेंग्यूचे रिपोर्ट घेऊन या."