आज माझी पट्टी उतरली

मंडळी, आजचं सांगते.

घशाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी गायची परवानगी दिली, म्हणून आज सकाळी स्मृति नगरात माझ्या गाण्याच्या बाईंकडे गेली. नेहमीच्या काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीच्या सुरात, तंबोरा लावला. वरच्या सा वर आवाज फाटला. दुसऱ्यांदाही फाटला. आणि रविवारी दुर्गला माझी मैफल!

बाई म्हणाल्या, "काळी तीन घे, खालची पट्टी."

"बाई, लोक म्हणतील, हिचा आवाज गेला."

बाईंनी तंबोरा माझ्या हातातून घेतला. "माही बी पट्टी उतरली होती. त्याच भेवानं मी स्टेज सोडलं. तुले सोडू देणार नाही."

त्यांनी स्वतः तंबोरा काळी तीनवर उतरवला. सा लागला, टिकला. मले रडूच आलं.

रविवारी काळी तीनमध्येच गाणार आहे. भीती वाटते. गाणाऱ्यांनो, तुमची पट्टी उतरली तेव्हा पहिल्यांदा लोकांसमोर कसे बसले?