दुपारचं विमान

लिफ्टवाल्याची माझी ओळख विमानतळावर झाली. मी तिथे विमानात सामान चढवायचो, उतरवायचो. नव्या इमारतीत लिफ्ट बसवायची होती, म्हणून तो आला. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता खिडकीशी उभा राहिला.

"डबा खाऊन घे," मी म्हटलं. "विमानं कुठे पळून जात नाहीत."

"मग ही काय करतायत?" तो म्हणाला.

तिथून जमलं.

माणूस कामाला पक्का होता. लिफ्टचा दोर तो नुसता डोळ्यांनी बघायचा नाही. हातात चिंधी धरून दोर तिच्यातून सावकाश सरकवायचा. एखादी बारीक तार तुटलेली असली तर ती चिंधीला अडकते. डोळ्याला ती दिसत नाही. काम झालं की पहिली फेरी तो एकटा मारायचा, अगदी वरपर्यंत आणि परत खाली. तोवर दुसऱ्या कुणाला आत पाय ठेवू द्यायचा नाही. माणसं खाली पिशव्या घेऊन खोळंबायची, मालकाकडे तक्रार करायची. हा म्हणायचा, "जिन्याने जा. जिना अजून कुणाला घेऊन पडलेला नाही." काम करणाऱ्याला घाई करणाऱ्यांचं ऐकून चालत नाही. हे त्याला कळत होतं आणि म्हणून मला तो आवडायचा.

आईबाप लहानपणीच गेले होते. त्याला थोरल्या बहिणीने वाढवलं. ती एका लाँड्रीत इस्त्री करायची. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याच्या खुणा होत्या, असं तो सांगायचा. ह्याला काम शिकायला तिने घातलं, आणि हा कमावता होईपर्यंत स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही. मग लग्न करून लांबच्या शहरात गेली. हा दर वर्षी आगगाडीने तिला भेटून यायचा. गाडीला पूर्ण दिवस आणि पूर्ण रात्र लागायची. विमानाने कधी गेला नाही. का, विचारलं तर म्हणायचा, "त्याचा दोर मला तपासता येत नाही."

आणि तरी विमानांचं वेड असं, की निवृत्त झाल्यावर रोज सकाळी चहा झाला की धावपट्टीच्या टोकाशी, कुंपणाबाहेरच्या पुलाच्या कठड्यावर येऊन बसायचा. तिथे मी असायचोच. एक शिंपी यायचा आणि एक म्हातारा कंपाउंडर. शिंपी विमानाच्या पत्र्याचे जोड कपड्याच्या शिवणीसारखे पारखायचा. "ह्याची पाठ उसवलीय बघ," म्हणायचा. कंपाउंडरला अपघात पाठ होते. कुठलं विमान कुठे पडलं, पक्ष्याने पडलं की बर्फाने की पायलटच्या डुलकीने, सगळं औषधांच्या नावांसारखं घडाघडा. कुठल्या गावची धावपट्टी आखूड, कुठल्या टोकाला टेकडी, हेही. कुठे जायचं, कुठल्या विमानाने, कुठे बदलायचं, असे बेत आम्ही तासन्‌तास करायचो. चौघांपैकी विमानात बसलेला एकही नव्हता.

एका सकाळी लिफ्टवाला नेहमीपेक्षा उशिरा आला. बसला नाही. भाच्याचा फोन आला होता. ताई दवाखान्यात होती आणि डॉक्टरांनी सांगितलं होतं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या.

"ताईला शुद्ध आहे. माझं नाव घेतेय," तो म्हणाला. "आगगाडी रात्रीची. पोचायला उद्या रात्र होईल."

त्याने खरं तर तडक तिकिटाच्या खिडकीवर जायला हवं होतं. तो कठड्यावर आला. पण त्याच्या जागी आम्ही कुणीही असतो तर तेच केलं असतं.

"आज दुपारी ते पंख्याचं छोटं विमान आहे," शिंपी म्हणाला. "नाहीतर उद्या सकाळी जेट."

"भाचाही दुपारचंच म्हणाला. ते तिथे जुन्या विमानतळावर उतरतं. दवाखाना समोरच."

"जुना विमानतळ?" कंपाउंडरने मान हलवली. "धावपट्टी एवढीशी. टोकाला नाला. आणि त्या जातीचं एक पंखावर बर्फ धरून पडलंय, विसरलास? वर आज हे असं ढगाळ."

"तू तरी बसशील का त्याच्यात?" शिंप्याने विचारलं.

"मी तर घरातून निघणार नाही. पण ह्याला निघायचंय, तर जेटने जावं. मोठं विमान, मोठी धावपट्टी. तिकडच्या नव्या विमानतळावर धुक्यातसुद्धा उतरवतात."

"तो दवाखान्यापासून लांब आहे," मी म्हटलं. "तू दुपारच्याने जा. आजारी माणूस विमानाची जात विचारून थांबत नसतं."

"हमालसाहेब," कंपाउंडर मला म्हणाला, "तुम्ही सामान चढवलंत. कधी चढलात का?"

नव्हतो चढलो.

लिफ्टवाल्याने ढगांकडे बघितलं. आयुष्यभर ज्या दोराला स्वतःचा हात लावला नाही त्याला कधी लटकला नव्हता. "जेटने जातो," तो म्हणाला. "उद्या दुपारपर्यंत पोचेन. एका रात्रीचा तर प्रश्न आहे." मग थोडा बाजूला जाऊन भाच्याला फोन केला, आणि तिकीट काढायला गेला.

दुपारी पुन्हा आम्ही सगळे कठड्यावर होतो. पंख्याचं विमान आमच्या डोक्यावरून गेलं. ढगात शिरेपर्यंत लिफ्टवाला मान वर करून बघत होता. सवय.

दुसऱ्या दिवशी त्याला पोचवायला मी आत काचेच्या दारापर्यंत गेलो. पांढरा शर्ट, हातात छोटी बॅग. मग परत कठड्यावर आलो. जेट उतरलं, उतारू उतरले. आता नवे चढतील असं वाटलं तेवढ्यात एक मेकॅनिक शिडी घेऊन आला आणि इंजिनाच्या तोंडाशी लावून वर चढला.

"उतरताना पक्षी आत गेला असणार," शिंपी म्हणाला.

कंपाउंडर उठून कुंपणाशी गेला.

लिफ्टवाल्याचा फोन मला आला. "इथे नुसतं थांबा म्हणतायत. तुम्हाला तिकडून काय दिसतंय?"

"एक जण शिडीवर आहे. बॅटरी लावून पाती बघतोय."

"एकेक बघतोय का?"

"एकेक. हात फिरवून."

"मग वेळ लागणार." त्याच्या मागे मोठा गलका ऐकू येत होता. "लोक इथे काउंटरवरच्या पोरीच्या अंगावर जातायत. एक जण म्हणतो, नीट उतरलं ना, मग चला."

"तूही सांग की. बहीण अत्यवस्थ आहे म्हणावं."

"कुणाला सांगू? शिडीवरच्याला? मला असं सांगायला येणारे मी खालीच उभे केले सगळे. हातातलं काम टाकून उतर, असं ह्याला कोणत्या तोंडाने म्हणू?"

त्याने फोन ठेवला. मेकॅनिक खाली आला, दुसऱ्याला घेऊन परत वर गेला. दोघं आळीपाळीने आत वाकत होते. काम चोख चाललं होतं. एरवी आम्ही त्याची वाखाणणी केली असती.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा पुन्हा फोन वाजला.

"ताई गेली," लिफ्टवाला म्हणाला. "आत्ताच भाच्याने कळवलं."

शिंप्याने खुणेनेच विचारलं, मी मान हलवली.

"अजून वर आहेत का ते?" त्याने विचारलं.

"आहेत."

"असू देत," तो म्हणाला.

जेट निघालं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. तो पोचला तेव्हा बाकी सगळी तयारी झालेली होती, फक्त याच्यासाठी थांबले होते.

बऱ्याच दिवसांनी तो कठड्यावर आला आणि आपल्या जागी बसला. एक विमान डोक्यावरून गेल्यावर बोलला.

"मी दुपारच्याने येतोय असं भाचा तिला आधीच सांगून बसला होता. नंतर मी उद्यावर ढकललं, ते तिला सांगायचं त्याच्याने झालं नाही. तिने केस विंचरून घेतले म्हणे. दार दिसेल अशी उशी लावायला सांगितली. वेळ झाल्यावर विचारायला लागली, उतरलं का. हा म्हणाला, उतरलं. खरंच उतरलं होतं ते, वेळेवर. तर म्हणाली, मग येईल. त्याला सगळं बघितल्याशिवाय पाय उचलायची सवय नाही."

कंपाउंडरने चष्मा काढला. "मी तुला नको तो सल्ला..." तो म्हणाला.

"तुम्ही म्हणालात ते चूक नव्हतं," लिफ्टवाला म्हणाला. "धावपट्टी आखूडच आहे. येताना तिथूनच बसलो, पंख्याच्या विमानात."

"खिडकी मिळाली का?" शिंप्याच्या तोंडून निघून गेलं.

"मिळाली," तो म्हणाला. "पण बाहेर बघितलं नाही."