माझ्या हाताचा पट्टा

मावशींशी माझं पहिलं भांडण झालं ते रबरबँडवरून.

मी दौंडला बँकेत नोकरी करते आणि एकटी राहते. मला दिसत नाही. कॉलेजात असताना नजर कमी होत गेली आणि नोकरी लागेपर्यंत पुरती गेली. बँकेत संगणक माझ्या कानात बोलतो, त्यामुळे तिथलं काम अडत नाही. घरात मी हात, पाय आणि नाक यांच्यावर चालते. हे कुणाला समजावून सांगायची वेळ फारशी आली नव्हती, कारण आधी कामाला येणाऱ्या बाई मी सांगेन तेवढंच करायच्या आणि जायच्या. त्या मुलीकडे राहायला गेल्या आणि त्यांच्या जागी या मावशी आल्या. माहेर वडगाव रासाईचं, सासर दौंडचं, वयाने माझ्याहून बऱ्याच मोठ्या. आवाज असा, की त्या जिन्यात बोलायला लागल्या की मला वरच्या मजल्यावर कळायचं, आज कोणाची खरडपट्टी निघाली आहे.

पहिल्याच आठवड्यात एकदा मी संध्याकाळी घरी आले, चहा टाकायला ओट्यापाशी गेले आणि फळीवर हात लावला तर सगळे डबे गुळगुळीत. माझ्या डब्यांना रबरबँड असतात. साखरेला एक, चहाला दोन, मिठाला झाकणावरून आडवा. ते सगळे गायब, आणि डब्यांच्या जागाही बदललेल्या. मी एकेक झाकण उघडून वास घेत बसले. चहा झाला, पण त्याआधी मी दोनदा शिंकले, कारण मधे तिखटाचा डबा लागला.

सकाळी मावशी आल्या तशी मी विचारलं, "मावशी, डब्यांची रबरं कुठे गेली?"

"टाकली की. पार चिकाट झाली व्हती. समदे डबे घासून काढले, उंचीपरमानं लावले. बघा कसे झ्याक दिसत्यात."

"मला दिसत नाहीत, मावशी."

"तुमाला न्हाई, पर येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसत्यात ना!"

मला राग आला. येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी मी डबे भरत नाही, असं मी सुनावलं. डबे माझे, फळी माझी, सकाळी घाईत चहा मला करायचा असतो. मावशींनी ऐकून घेतलं आणि भांडी जरा जोरातच आपटली. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी भाजीच्या जुड्यांची रबरं गोळा करून आणली. "ही लावा. सोच्छ हायेत," म्हणाल्या. मी डबे माझ्या पद्धतीने लावले. त्या शेजारी उभ्या राहून सुस्कारे सोडत होत्या.

मग फिनेलचं निघालं. मावशींना मोगऱ्याच्या वासाचं फिनेल हवं होतं आणि ते बादलीत सढळ हाताने ओतायची त्यांना सवय होती. घरात पाऊल टाकलं की डोकं भणभणायचं. मला तो वास चालत नाही. दूध उतू जायच्या आधी येणारा वास, गॅसचा, नासक्या टोमॅटोचा, शेजारच्या फोडणीचा, यांतला एकही त्या मोगऱ्याखाली मला सापडत नाही. मी सांगितलं, नुसत्या पाण्याने पुसा.

"वासच न्हाई आला तर पुसलंय ह्ये कसं कळायचं?"

"मला पायाला कळतं."

मी घरात अनवाणी चालते. कचकच कुठे राहिली, सोफ्याखालची धूळ कुठवर ओढून तशीच सोडली, मला बरोबर लागतं. त्या दिवशी मी मुद्दाम कोपऱ्याकोपऱ्यातून पाय फिरवून दाखवलं. टीव्हीच्या मागे कण लागले, ते सांगितलं.

मावशी म्हणाल्या, "पायानं परीक्षा घेता व्हय माझी? आमच्या घरात कुनी पायानं काई दावलं तर हाकलून देत्यात."

"डोळ्यांनी घेतली असती तर चाललं असतं?"

दुसऱ्या दिवशी मावशी कामाला आल्या नाहीत. मी स्वतःच पुसून घेतलं आणि कुणालाही फोन केला नाही. नंतरच्या दिवशी बेल वाजली आणि आत शिरता शिरता आवाज आला, "ते तुमचं बिनवासाचं पानी काढा. आन् आधी टीवीमागंच पुसते."

आमचं असं चाललं होतं. मी हटत नव्हते, त्या हटत नव्हत्या, घर मात्र स्वच्छ राहत होतं.

मग एका रविवारी मी पडले. मावशी स्वयंपाकघर पुसून मागच्या बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. मला पाणी हवं होतं म्हणून मी नेहमीच्या चालीने निघाले. माझी चाल माझ्या घरात सावकाश नसते. पॅसेजच्या तोंडाशी, जिथे कधीच काही नसतं, तिथे गुडघ्यावर लाकडी स्टूल आदळलं आणि मी त्याच्यावरून तोंडघशी पडले. हनुवटी फुटली. मावशी ओरडत आल्या, त्यांच्या आवाजाने शेजारीण आली, दोघींनी मिळून मला रिक्षाने डॉक्टरकडे नेलं आणि टाके घातले गेले. शेजारणीने तेवढ्यात शिरूरला माझ्या भावाला फोनही केला.

दादा दुपारी गाडी घेऊन हजर. त्याचा शिरूरला आडतीचा धंदा आहे, रविवारची झोप मोडून आला होता. माझी हनुवटी बघितली आणि मावशींवर घसरला.

"अहो बाई, दिसत नाही अशा माणसाच्या वाटेत स्टूल ठेवतात का?"

"फरशी वली व्हती," मावशी म्हणाल्या. आवाज पहिल्यांदाच इतका बारीक ऐकला. "ताई घसरू नयेत, तिकडं येऊच नयेत म्हनून आडवं लावलं."

हनुवटी दुखत असूनही मला हसू आलं. मला अडवायला स्टूल लावलं होतं, पण ते मला तोंडाने सांगायचंच राहून गेलं होतं. दादाला हसू आलं नाही. "उद्यापासून येऊ नका तुम्ही," तो म्हणाला.

"त्या येतील," मी म्हटलं. "त्यांना मी ठेवलंय, काढायचं तर मी काढीन."

"बरं, मग तू चल. वरचा मजला बांधून झालाय. तुझी खोली वेगळी, बाथरूम वेगळं. शिरूरला बदली मागून घे. इथे एकटीने काय काय सांभाळणार? घराची अवस्था बघ. ही भिंत बघ, कशी झालीय!"

"कशी झालीय?"

"काही नाही. असंच म्हटलं."

"कोणती भिंत?"

"सोड ना. रंग जुना झालाय."

मी तोंड मावशींच्या श्वासाकडे वळवलं. "मावशी, भिंतीला काय झालंय?"

"ताई, तुमच्या हाताचा पट्टा पडलाय," मावशी म्हणाल्या. "बेडरूमपासनं पार स्वयंपाकघरापत्तुर. तुमी भिंतीला हात लावत जाता न्हवं? तेलकट, काळा पट्टा झालाय. पयल्या दिवशीच बघितला मी. घासून काढावा म्हनत व्हते, पर तुमी रबरावरनंच इतक्या भडकल्या की ऱ्हायलं."

कित्येक वर्षं मी या घरात राहतेय. बँकेतल्या मैत्रिणी जेवायला येऊन गेल्या, नातेवाईक येऊन गेले, आणि प्रत्येक जण "किती टापटीप ठेवलंयस गं" म्हणून गेला. सगळ्यांनी तो पट्टा पाहिला होता. दादाने कितीदा पाहिला असेल. सगळ्यांनी मिळून माझ्यापासून माझीच भिंत लपवली होती. सांगितलं ते या बाईने, जिला काढून टाकायला माझा भाऊ निघाला होता.

दादा समजुतीच्या सुरात म्हणाला, "मनाला लावून घेऊ नकोस. मी रंगारी पाठवतो."

"नको."

"अगं, दिसायला वाईट दिसतं."

"कोणाला?"

"लोकांना."

"लोक रात्री पाणी प्यायला उठतात का या घरात?"

मावशी मध्ये पडल्या, आणि माझ्या बाजूने बोलतील असं मला वाटलं होतं. पण नाही. "ताई, दादा म्हनत्यात ते बराबर हाय. रंग नको तर नको, पर मी घासनार. मी कामाला असताना भित मळकी दिसली तर शेजारीन मलाच नावं ठिवती."

एकाएकी ते दोघं एका बाजूला आणि मी एकटी. हनुवटीतून कळ येत होती, जोरात बोलता येत नव्हतं, म्हणून मी हळूच पण नीट सांगितलं. "दादा, मी इथे पडले, कारण हे माझं घर आहे आणि मी इथे चालते. तुझ्या वरच्या मजल्यावर मला कुणी पडू देणार नाही, कारण कुणी उठूच देणार नाही. मी येत नाही. आणि मी पडले हे प्रत्येक वेळी तुला मोजायचं असेल तर तू आजवर जितक्यांदा पडलास तेही मोजू."

दादा चहा न घेता गेला. वाटेत न्हावऱ्याच्या पुढे गेल्यावर त्याने फोन केला, पोचलो की सांगतो म्हणाला, आणि पोचल्यावर खरंच सांगितलं. रागावला होता, पण दादाच होता.

तो गेल्यावर मावशी निघाल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला. मी म्हटलं, "ओलं असेल तर मला तोंडाने सांगायचं. वाटेत काही ठेवायचं नाही. खुर्ची टेबलाच्या आत. दार एक तर पूर्ण उघडं, नाहीतर पूर्ण बंद, अर्धवट नाही."

"व्हय."

"आणि भिंतीला हात लावायचा नाही."

"ते न्हाई व्हनार."

"मावशी!"

"ताई, तुमी लावा हात. तुमची वाट हाय, मी कुठं न्हाई म्हनते? पर काळं झालं की मी पुसनार. मला बघवत न्हाई. तुमाला दिसत न्हाई म्हनून मी पन आंधळी व्हऊ का?"

इतकी वर्षं माझ्यासमोर 'आंधळी' हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. सगळे त्याला वळसा घालून जात. मला तो टोचेल असं वाटलं होतं. टोचला नाही. उलट मी विचार केला, बाई म्हणते त्यात चूक काय? मला कण चालत नाहीत पायाला, तिला डाग चालत नाही डोळ्याला.

"पुसा," मी म्हटलं. "पण रंग नाही लावायचा, आणि माझ्या हाताला चिकट लागेल असलं काही फासायचं नाही."

तेव्हापासून दर सोमवारी त्या ओल्या फडक्याने आणि भांड्यांच्या साबणाने तो पट्टा घासतात आणि आठवडाभर मी तो पुन्हा उमटवते. दोघींपैकी कुणीही थांबलेलं नाही. घासताना त्या पुटपुटतात, "बघू कोन दमतंय." मी आतून सांगते, "बघू." फिनेलबद्दल एवढंच झालं, की मोगरा बाथरूममध्ये आणि दार बंद करून. त्याच्या पुढे एक थेंब नाही. पाय मी अजूनही फिरवते आणि कण लागले तर सांगते. आता त्या रुसत नाहीत, "कुठं? दावा," म्हणून फडकं घेऊन येतात. बाल्कनीतून ओरडतात, "ताई, स्वयंपाकघर वलं हाय हां!" ते सगळ्या बिल्डिंगला कळतं. आमच्या स्वयंपाकघराची फरशी कधी वाळली हे खालच्या मजल्यावरचे आजोबाही सांगू शकतील.

दादा आणि वहिनी दिवाळीला आले तेव्हा दादाने भिंतीकडे पाहिलं असणार, कारण तो तिथे थोडा वेळ थांबला. त्यांच्या वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवल्याचं वहिनीने जेवताना सांगितलं.

परवा माझं आणि मावशींचं नवं भांडण झालं. हॉलचे पडदे फाटायला आले होते. मी म्हटलं, गडद हिरवे आणायचे. मला हिरवा रंग आठवतो, शाळेत असताना केंदूरला आत्याकडे जायचे तेव्हाच्या ज्वारीचा. बँकेतली एक जण हसून म्हणाली होती, तुला रंगाचं काय करायचंय, स्वस्तातले मिळतील ते घे. तिला मी सांगितलं की घरात मी राहते, तर रंग मी ठरवणार. मावशींचं म्हणणं निराळं होतं. "हिरव्यावर धूळ लई दिसती, ताई. खाली रस्त्यावरनं उसाच्या गाड्या जात्यात. मला रोज झटकावं लागंल. मातकट रंग आना."

अर्धा तास आम्ही वाद घातला. दुकानात त्यांना बरोबर घेऊन गेले, कारण हिरव्याच्या नावाखाली दुकानदाराने भलतंच गळ्यात मारायला नको. मावशींनी कापड उजेडात नेऊन पाहिलं, नाक मुरडल्याचं मला त्यांच्या आवाजावरून कळलं. "हिरवंच हाय," त्या म्हणाल्या. "गडद हाय. झटकायला मी हाय म्हना की."

हिरवेच लावले.